शपथेतली सुई

प्रिय बारक्या,

हे पत्र मुकादमाच्या हाती पाठवतोय. तो फरशांचा ट्रक घेऊन तुझ्या साइटवर येणारच आहे. तू फोन बंद ठेवू शकतोस, मुकादमाला बंद ठेवू शकत नाहीस. कागद फाडू नकोस. रागावण्यासाठी लिहीत नाही. रागवायचं असतं तर स्वतःच आलो असतो आणि चार माणसांत तुझा कान धरला असता, तू पस्तिशीचा झालास तरी. तू दवाखान्यातून इंजेक्शन न घेता मागच्या दारानं निघून गेलास, एवढं मला कळलं आहे. ते घेतल्याशिवाय गत्यंतर नाही, हेही कळलं आहे. या दोन्हींच्या मधे जे अडकलंय, त्याच्यासाठी हा कागद.

पंपावर बसून लिहितोय. मोटर चालू आहे, टेबल थरथरतंय, त्यामुळे अक्षर वाकडं येईल. ओळखीच्या अक्षराला तेवढी सूट दे. वरच्या वस्तीला पाणी सोडलं आहे आणि ते पोचायच्या आधीच तिथल्या बाईचा फोन आला, की पाणीवाले, झोपलात का. मी म्हटलं, झोपलो असतो तर फोन कोणी उचलला असता. ती हसली, मलाही बरं वाटलं. हल्ली हसायला दुसऱ्याच्या घरातलं माणूस लागतं. आपल्या घरात सगळे हळू बोलतात. तुझी वहिनी तर भांडीसुद्धा आवाज न करता घासते, आणि तुला माहीत आहे, ती भांडी घासायला लागली की पूर्वी गल्लीला कळायचं.

आधी नवीची खबर देतो. तुझ्या लग्नाला चार वर्षं झाली तरी वहिनी तुझ्या बायकोला अजून नवीच म्हणते. आता बाळ झालं तरी म्हणेल. नवीची तब्येत चांगली आहे. पाचवा महिना संपत आला. तिची तिन्ही इंजेक्शनं झाली, दर आठवड्याला एक. कमरेखाली देतात आणि दुखतं म्हणे चांगलंच. पहिल्या दिवशी घरी आली तेव्हा खुर्चीवर तिरकी बसून वाटाणे सोलत होती. वहिनी म्हणाली, पडून राहा. तर म्हणते, पडले तरी ते माझ्याबरोबरच पडणार ना. बाळाची सोनोग्राफी केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत सापडलं, पुन्हा रक्त तपासत राहू, पण आज तरी मला काळजीचं काही दिसत नाही. मी बाहेर बाकावर होतो. नवीनं येऊन हे सांगितलं आणि लगेच म्हणाली, चला भाऊजी, रिक्षा मिळणार नाही नंतर. तिला तिथं रडायचं नव्हतं, हे मला कळलं, म्हणून मी पुढं चालत राहिलो आणि मागे पाहिलं नाही.

डॉक्टरीणबाई त्याला सिफिलिस म्हणतात. आपल्या लहानपणी गावात गरमी म्हणायचे, आणि म्हणताना आवाज खाली आणायचे. शाळेमागच्या त्या म्हाताऱ्याबद्दल असंच काही तरी बोललं जायचं, आणि आपण पोरं त्याच्या विहिरीचं पाणीसुद्धा पीत नव्हतो. त्याला बिचाऱ्याला काय झालं होतं देव जाणे. पाण्यातून हे पसरत नाही, हे मला दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलं. मी हळूच विचारलं होतं, घरातलं ताट-वाटी वेगळी करायची का. ती म्हणाली, ताट-वाटी राहू द्या, पाणीवाले, तुमचा भाऊ आणून द्या. नळ दुरुस्त केला आणि टाकी तशीच ठेवली, असं चाललंय तुमच्या घरात. तो बाईजवळ आला की तिला पुन्हा होणार आणि पोटातल्याला पुन्हा धोका, म्हणजे माझी तीन इंजेक्शनं पाण्यात. मग जीभ चावून म्हणाली, पाण्यात म्हणजे तुमच्या नव्हे. चांगली बाई आहे. ओरडते, पण नवीच्या पाठीवरून हात फिरवत ओरडते.

नवीनं मला एकदाच काय ते विचारलं, तेही कपडे वाळत घालता घालता. म्हणाली, भाऊजी, कुठून आलं ते मी विचारणार नाही, पण तो का पळाला तेवढं तुम्हाला माहीत असेल तर सांगा. मी माहीत नाही म्हणालो. ती चिमटे लावत राहिली. तू गेलास त्या दिवशी तिनं तुझी उशी बाहेरच्या खोलीत टाकली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा आत नेली. वहिनीनं नुसतं पाहिलं, तर म्हणाली, बाहेर पायात येत होती. आता यातून काय समजायचं ते तू समज. मला तिचं मन वाचायचा अधिकार नाही, पण उशी आत आहे.

तू किती चिडला असशील याचा अंदाज मला आहे, कारण तुझा त्या रिपोर्टवर विश्वासच बसत नव्हता. तू डॉक्टरीणबाईंशी भांडलास, की माझं रक्त तपासलेलं आहे, मी एड्सवाला नाही, मी कधी कुणाची सुई वापरली नाही. ते खरंच होतं, मला माहीत आहे. नशेच्या त्या वाईट वर्षांतही तू सुया वाटणाऱ्या केंद्रावरून नव्या सुयांचं पाकीट आणायचास आणि कुणी मागितली तर शिवी घालायचास. घरातल्या वस्तू विकल्यास, पण सुईच्या बाबतीत तू सोवळ्यातला. केंद्रावरचा मामा मला हेच म्हणाला. तुमच्या सगळ्या टोळीसारखाच सुईत अडकून बाहेर पडलेला, आता साठीला टेकलेला, केस पांढरे झालेला तो माणूस, तो तरी तुला पटेल. म्हणाला, दादा, आमचं सगळ्यांचं हेच झालं. आम्ही सुई सांभाळली देवासारखी. सुई ज्याची त्याची आणि पांघरूण सगळ्यांचं एक. त्या नशेत कोण कुणाजवळ झोपलं, कुणी कशाच्या बदल्यात झोपलं, सकाळी आठवतंय कुणाला. सुईची भीती सगळ्यांनी घातली, पांघरुणाचं कोणी बोललं नाही, आणि बोललं असतं तरी आम्ही लाजलो असतो. सुईला आम्ही लाजत नव्हतो, बघा. अशा गोष्टी ऐकायची सवय नाही मला. पण तो खोटं बोलत नव्हता.

तुझ्या तळहातांवर ते तांबूस डाग आले होते, तेव्हा आपण सगळ्यांनी सिमेंटला दोष दिला. फरशी बसवणाऱ्याच्या हाताला दुसरं काय होणार. वहिनीनं खोबरेल तेल दिलं, तू रात्री हातमोज्यांत तेल घालून झोपलास, आणि डाग गेले. तेलाचा गुण आला म्हणून ती अजून सांगते. सिस्टर म्हणाली, तो आजार असाच फसवतो. आधी एक फोड येतो, दुखत नाही, आपोआप बरा होतो. मग डाग येतात, तेही जातात. माणूस म्हणतो सुटलो. आत ते बसलेलं असतं. मी वहिनीला हे सांगितलं नाही. तेलाचं श्रेय तिच्याकडे राहू दे.

थांब, खालच्या वस्तीच्या व्हॉल्व्हची चावी फिरवून येतो.

आलो. चावी घट्ट झाली आहे, दोन्ही हातांनी लोंबकळावं लागतं. पंपावरचा जोडीदार म्हणतो, ग्रीस लावा. मी म्हणतो, तू लाव, तू तरुण आहेस. तो म्हणतो, साहेब झालात की काय. असो. पेन हातात घेतलं की उठावंसं वाटतं आणि उठलो की पेन आठवतं. सकाळपासून हेच चाललंय. पंपघराला चार फेऱ्या मारल्या. टाकीत डोकावून आलो, कारण नसताना.

गोळ्या देऊन पाहिल्या, हे मान्य. तू गोळ्याच मागितल्यास आणि डॉक्टरीणबाईंनी दिल्याही, म्हणाल्या, इंजेक्शनच चांगलं, पण नकोच असेल तर रोज दोन वेळा, महिनाभर, एक चुकवायची नाही. तू प्रयत्न केलास. मी पाहिलंय तुला मोरीत ओकताना. त्या वर्षांनी तुझ्या पोटाची चाळण केली आहे, त्याला काय टिकणार. दोनदा सुरू केल्या, दोनदा सुटल्या. मग त्या म्हणाल्या, आता इंजेक्शनच. तू मान डोलावलीस, आत गेलास, सिस्टरनं बाटलीत सुई घातली, आणि ती वळून बघते तर खाट रिकामी. ती मला म्हणाली, इतकी वर्षं काढली या खोलीत, पण स्वतःच्या हातानं हजार सुया टोचून घेतलेला माणूस माझ्या एका सुईला घाबरून पळाला, असं कधी पाहिलं नव्हतं. बाहेरच्या बाकावरचे दोघंतिघं हसले. मीही हसलो, बारक्या. हसण्यावारी नेलं, कारण खरं कारण मला माहीत होतं आणि ते तिथं बोलायचं नव्हतं.

तू घाबरून पळाला नाहीस. म्हणजे सुईला घाबरून नाही.

तू व्यसनमुक्ती केंद्रातून सुटून आलास, तो थेट इथंच आलास, घरी नाही. मी इथं खाली बसून मोटरला तेल घालत होतो. हात काळे झालेले. तू मागून आलास आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलास. मला आधी वाटलं, पोरगा तोल जाऊन टेकला. मग तू म्हणालास, दादा, तुझ्या डोक्यावर हात ठेवून सांगतो, पुन्हा अंगाला सुई लागू देणार नाही. नशा करणार नाही, असं तू म्हणाला नाहीस. दारूचं काही बोलला नाहीस. सुईच म्हणालास, कारण तुला माहीत होतं, सुई नुसती कातडीला टेकली तरी तुझ्या अंगात काय उठतं. हात काळे होते म्हणून तुला जवळही घेता आलं नाही. मी म्हटलं, चल, वहिनी जेवायला थांबली असेल. एवढंच बोललो मी त्या दिवशी.

आणि ती शपथ तू पाळलीस. दाढ काढायला गेलास, तर भुलीचं इंजेक्शन घेतलं नाहीस. दाताचा डॉक्टर माझ्यावर ओरडला, की तुमचा भाऊ माणूस आहे का दगड. तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तू माझ्या डोक्याकडे बघत होतास. टक्कल पडलेलं, तेल न लावलेलं हे डोकं. रिक्षात तोंडाला फडकं धरून तू बोटानं माझ्या डोक्यावर टकटक केलंस, की बघ, शाबूत आहे. आपण दोघंही हसलो. त्या रात्री देवापुढे बसलो तेव्हा मी देवाला म्हटलं, याला असाच ठेव. याचा अर्थ काय होतो, याचा विचार केला नाही. मी मागितलं आणि त्यानं दिलं, तू तसाच राहिलास.

गेल्या आठवड्यात मी मामाकडे गेलो, ते याच्यासाठी. त्याला सगळं नाही सांगितलं, शपथेचं नाही सांगितलं. नुसतं विचारलं, मामा, औषधाची सुई घेतली, तर जुनी भूक उठते का. तो चहा ओतत होता. म्हणाला, कुणाची उठते, कुणाची नाही उठत. माझी पहिल्यांदा उठली. घामानं भिजलो, तिथून सरळ जुन्या अड्ड्याकडे चालायला लागलो होतो, पण ढुंगण इतकं दुखत होतं की चढ चढवेना. आणि तो स्वतःच्याच गोष्टीवर इतका हसला की बशीत चहा सांडला. मग गंभीर होऊन म्हणाला, दादा, मी खोटा शब्द देणार नाही. पण दंडात नाही, शिरेत नाही, मागून आहे, ते बरं आहे. त्याला भिंतीकडे तोंड करून झोपवायला सांगा. सुई भरताना त्याला दाखवू नका, बाटलीचा वाससुद्धा नको. एक माणूस समोर बसू दे, काहीही बडबड करत, क्रिकेटची, भावकीची, कशाचीही. आणि नंतर त्याला एकटा सोडू नका. पोटभर जेवायला घाला. संध्याकाळ जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा माणसात असतो. मी विचारलं, आणि नसला तर. मामा म्हणाला, नसला तर मग माझ्याकडे घेऊन या, मी कुठं पळून चाललोय.

तेव्हापासून मला जागेवर बसवत नाही. सकाळी देवापुढे बसतो तर काय मागायचं तेच सुचत नाही. एका बाजूला ते बाळ आहे. सोनोग्राफीच्या कागदावर मला काहीच कळलं नाही, ढगासारखं काहीतरी होतं, पण नवीनं बोट ठेवून दाखवलं, हे नाक, भाऊजी, तुमच्या घरातलं. नाक खरंच आपलं आहे, फुगीर. दुसऱ्या बाजूला तू आहेस, इतक्या कष्टानं परत आलेला, आणि तुला मी कोणत्या तोंडानं सांगू की जा, सुई घे. घेतलीस आणि पडलास तर ते मी सांगितलेलं असेल. नाही घेतलीस तर नवीजवळ तू जन्मभर जायचं नाही, नाहीतर तिला परत आजारी करायचं, आणि तुझ्या आत तर ते वाढतच राहणार. सिस्टर म्हणाली, पुढं ते डोक्यात जातं, डोळ्यांत जातं. हे सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं की मी उठून चावी तपासायला जातो. माझ्या वस्त्यांना सध्या फार वेळेवर पाणी मिळतंय.

परवा मी सिस्टरकडे शेवटी गेलो आणि तिला शपथेचं सांगून टाकलं. मला वाटलं, हसेल. ती हसली नाही. हातातला ट्रे खाली ठेवून म्हणाली, म्हणजे तो तुमच्यासाठी पळाला. मी म्हटलं, हो, वेडा आहे. ती म्हणाली, वेडा नाही हो, असा भाऊ मिळत नाही. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, पण असल्या भावाला ढुंगणावर दोन फटके देऊन आणा, तिसरा मी देते. मामानं सांगितलेलं मी तिला सांगितलं. भिंतीकडे तोंड, सुई भरताना दाखवायची नाही, सगळं. ती म्हणाली, खोलीबाहेर भरून आणीन, त्यात काय. आणि तुम्ही समोर बसून बडबडणार का. मी म्हटलं, मला बडबड येत नाही, मी पाणी सोडतो. ती म्हणाली, शिका.

बारक्या, हे सगळं लिहून मी मुद्द्यावर येत नाहीये, हे तुला कळलं असेल. लहानपणी कुणी आपल्याला शपथ घातली की आपण रडकुंडीला येऊन त्याच्या मागे लागायचो, शपथ सुटली म्हण, शपथ सुटली म्हण. ज्याच्या नावानं ती घातली, त्यानंच ते म्हणायचं, दुसऱ्या कुणाच्या म्हणण्याला अर्थ नसायचा. तू दवाखान्यातून पळालास त्याच दिवशी मला कळलं होतं की हे फक्त मी म्हणू शकतो. नवी नाही, डॉक्टरीणबाई नाही, देवही नाही. तरी इतके दिवस मी म्हणालो नाही, कारण मला तुझ्या त्या शपथेचा आधार वाटत होता. वाटत होतं, ती सोडली की तुला धरून ठेवायला माझ्या हातात काही उरणार नाही. आता लिहून देतो, वाचून घे: शपथ सुटली. डॉक्टर देतील ती सुई घे, तिन्ही घे. माझ्या डोक्याला काही होणार नाही; झालं तर या चावीला लोंबकळून होईल, त्यात तुझा काही दोष नाही. आणि सुई घेतल्यावर तुझ्या आत ते खवळलं, आणि तू पडलासच, तर तोंड लपवून कुठं जाऊ नकोस, आहेस तसा इथं पंपावर ये. मी ओरडेन, शिव्या देईन, मग मामाकडे घेऊन जाईन. तो माझा विषय, त्यावर कुणाची शपथ नाही. गुरुवारी सकाळी मी दवाखान्याच्या बाकावर बसलेला असेन. त्या दिवशी पाणी जोडीदार सोडणार आहे, वरच्या वस्तीनं मला काय म्हणायचं ते म्हणू दे. काय बडबडायचं याची तयारी करून येतोय, पण फार अपेक्षा ठेवू नकोस.

वाट बघणारा, तुझाच
दादा